ऋजुताच्या नावातील तीन जादा अक्षरे

पत्र:
ताई, माझी मुलगी साडेआठ महिन्यांची आहे. ती दिवस भरण्याआधीच जळगावच्या एका खासगी दवाखान्यात झाली आणि तिला अठरा दिवस काचेत ठेवावे लागले. बारशाला नणंदेने तिच्या कानात 'ऋजुता' असे नाव सांगितले, ते सर्वांना आवडले. पुढे माझ्या यजमानांनी सुरतेला अंकशास्त्र पाहणाऱ्या एका ओळखीच्या गृहस्थांना विचारले. इंग्रजी अक्षरांची बेरीज नऊ यायला हवी, म्हणून आर-एच-यू-जे-यू-यू-टी-ए-एच असे स्पेलिंग लावा, असे त्यांनी सांगितले. सासरे निवृत्त शिक्षक आहेत, त्यांना हे अजिबात पटत नाही. सासूबाई तिला नुसते 'रुजू' म्हणतात. माझे स्वतःचे नाव दहावीच्या गुणपत्रिकेवर एक आणि आधार कार्डावर दुसरे असल्याने मी पुष्कळ खेटे घातले आहेत, त्यामुळे मला धास्ती वाटते. जन्माची नोंद झाली आहे, पण नावाचा रकाना अजून रिकामाच आहे. यजमान म्हणतात, "ती काचेतून बाहेर आली आहे. तिच्यासाठी एवढेही करायचे नाही का?" मी काय करावे?
– एक आई, चोपडा तालुका

उत्तर:

प्रिय ताई,

तुमच्या यजमानांचे शेवटचे वाक्य मी दोनदा वाचले. अठरा दिवस काचेबाहेर उभे राहून आपल्या लेकीच्या छातीची धडधड पाहणाऱ्या बापाला त्या अठरा दिवसांत करण्यासारखे काहीच नव्हते. आता कोणीतरी त्याला करण्यासारखी एक गोष्ट सांगितली आहे, आणि ती त्याने घट्ट धरून ठेवली आहे. घरात या विषयावर बोलणे निघेल तेव्हा अंकशास्त्र खरे की खोटे हा वाद तुम्ही मुळीच उभा करू नका. सासऱ्यांनाही तो काढू देऊ नका. तो वाद जिंकलात तरी त्या माणसाच्या मनातील धास्ती जागच्या जागीच राहील.

तरीसुद्धा माझे मत मी आडपडदा न ठेवता सांगते. दाखल्यावर ती नऊ अक्षरे जाऊ देऊ नका. मुलीचे नाव दाखल्यावर आर-यू-जे-यू-टी-ए या सहा अक्षरांतच लिहावे. असे का म्हणते, ते थोडे विस्ताराने सांगावे लागेल.

मी एकतीस वर्षे माध्यमिक शाळेत इंग्रजी शिकवले आणि त्यातील बरीच वर्षे दहावीच्या परीक्षेचे अर्ज तपासण्याचे काम माझ्याकडे होते. तेव्हा ते अर्ज कागदावर भरले जात, एका चौकोनात एक अक्षर. माझ्या वर्गात एक मुलगा होता, ज्याचे नाव होते यश. इंग्रजीत हे नाव चार अक्षरांत मावते, पण त्याच्या घरी कोणीतरी त्यात एक 'ए' आणि एक 'एस' वाढवून दिला होता. तो मुलगा दुसऱ्या चौकोनापर्यंत झरझर लिहायचा आणि तिथे थांबायचा. मग डाव्या हाताचा अंगठा एकेका चौकोनावर ठेवत, ओठांतल्या ओठांत अक्षरे मोजत पुढे सरकायचा. स्वतःचे नाव लिहिताना पंधरा वर्षांच्या मुलाला अंगठ्याचा आधार घ्यावा लागत होता. त्या वर्षी एका अर्जावर त्याने एकच 'एस' लिहिला, बँकेच्या पासबुकावर मात्र दोन होते, आणि त्यामुळे त्याची शिष्यवृत्ती अडकली. त्याची आई सहीपुरती साक्षर होती. कापूस वेचणीच्या ऐन दिवसांत ती तीनदा एस. टी. ने शाळेत आली आणि प्रत्येक खेपेला तिची एक मजुरी बुडाली. तिसऱ्या खेपेला तिने मला विचारले, "बाई, नाव तर यशच आहे ना त्याचे? मग हा कागद कोणाचा म्हणतात?" माझ्याकडे तिला देण्यासारखे उत्तर नव्हते.

रोमन लिपीत आपले उच्चार पुरते उतरत नाहीत, ही गोष्ट आपण सगळ्यांनी मान्य करून टाकावी. ट आणि त यांना एकच 'टी', ड आणि द यांना एकच 'डी', न आणि ण यांना एकच 'एन', ल आणि ळ यांना एकच 'एल'. जळगावच्या पाटीवर इंग्रजीत ळ नाही, तरी गाडीत बसलेला कोणीही खान्देशी माणूस जळगावला जलगाव म्हणत नाही. आपल्या विद्यापीठाला ज्यांचे नाव आहे त्या बहिणाबाई चौधरींना (१८८०–१९५१) लिहिता-वाचता येत नव्हते, त्यांची गाणी इतरांनी ऐकून उतरवली. आज त्यांच्या नावातील ण विद्यापीठाच्या इंग्रजी पाटीवर साध्या 'एन'ने लिहिला जातो, आणि आपल्यापैकी कोणाच्याही तोंडी तो न होत नाही. नावाचा खरा उच्चार तोंडात आणि कानात जपला जातो. इंग्रजी स्पेलिंग त्याकडे बोट दाखवते, एवढेच त्याचे काम. ते काम होण्यासाठी ते असे हवे, की नाव ऐकणाऱ्या अनोळखी माणसाने न विचारता लिहिले तर तेच उतरावे.

भुसावळचे इंग्रजी स्पेलिंग रेल्वे 'व्ही' घालून लिहिते, गावातील अनेक पाट्यांवर मात्र 'डब्ल्यू' असतो. धुळ्याला इंग्रजीत कितीतरी काळ धुलिया लिहीत असत. गावाला हे परवडते, कारण टपाल चुकत नाही आणि गाडी थांबायची तिथेच थांबते. चौधरी हे आडनाव तर आपल्याकडे 'ए-यू' घालून, 'ओ-यू' घालून, शेवटी 'आय' घालून, शेवटी 'वाय' घालून अशा सगळ्या तऱ्हांनी लिहिलेले मी रजिस्टरात पाहिले आहे, आणि कधी कधी सख्ख्या भावांचेसुद्धा वेगवेगळे. ज्या घरात वाटणीचे कागद करायची वेळ आली, त्या घराला हा फरक किती महागात पडतो ते विचारून पाहावे.

तुमच्या लेकीच्या नावात तर पहिलेच अक्षर ऋ आहे, आणि ते मुळातच अवघड आहे. मराठी माणूस त्याचा उच्चार रु असा करतो, हिंदी माणूस रि असा करतो. 'हृषीकेश' या नावाची आपण काय अवस्था केली आहे ते पाहा. हृषीक म्हणजे इंद्रिये, त्यांचा ईश तो हृषीकेश. पण निम्मी मुले स्वतःचे नाव देवनागरीतच 'ऋषिकेश' लिहितात, आणि इंग्रजीत कोणी 'एच'ने सुरुवात करतो, कोणी 'आर'ने, पुढे कोणी 'आय' घालतो, कोणी 'यू'. एकाच वर्गात या नावाची चार स्पेलिंगे मी हजेरीत लिहिली आहेत. ज्ञानेश्वरचेही तसेच. आपण त्याला 'डी-एन-वाय' लावतो आणि हिंदी मुलखात 'जी-वाय' लावतात. आपल्याकडची जी कुटुंबे कामधंद्यासाठी सुरतेला गेली, त्यांच्या पोरांच्या दाखल्यांवर गुजराती वळणाचा 'जी-एन' येतो. ज्या नावात ही अडचण आधीच आहे, त्या नावावर आणखी ओझे घालू नये.

आता तुमच्या यजमानांनी आणलेली नऊ अक्षरे एकेक करून वाचू. 'आर'पाठोपाठ 'एच' आला की मराठी डोळ्याला तो ऱ्ह दिसतो, कारण वऱ्हाड आणि कुऱ्हाड आपण इंग्रजीत तसेच लिहितो. मधल्या दोन 'यू'मुळे 'जु' दीर्घ होतो. शेवटचा 'एच' पाहून कोणी विसर्ग देईल, कोणी ह लिहील. आधार केंद्रावरचे संगणक इंग्रजीत टाईप केलेले नाव आपोआप मराठीत उतरवतात, आणि तिथे बसलेल्या माणसाने घाईत ते न तपासता पुढे ढकलले, तर तुमची ऋजुता कागदावर 'ऱ्हुजूताह' होऊन परत येईल. मग सासऱ्यांनी जपलेला ऋ गेला आणि नणंदेने कानात सांगितलेले नावही गेले. ऋजुता या शब्दाचा अर्थ सरळपणा असा आहे. त्या नावाला इतकी वळणे देऊ नयेत, असे मला मनापासून वाटते.

इथे एक गोष्ट नीट वेगळी करून ठेवते, कारण वेगळे स्पेलिंग दिसले की ते चूकच, असे मी म्हणत नाही. आरव किंवा आराध्या या नावांच्या सुरुवातीला दोन 'ए' लावतात ते उच्चारासाठी. अ आणि आ यांतील फरक दाखवायला रोमन लिपीत दुसरा सोपा मार्ग नाही. तसे करणे योग्यच आहे. आणि जे नाव आपल्या कानाला अनोळखी आहे, त्याचे स्पेलिंग 'सुधारण्याचा' अधिकार आपल्याला नसतो, हे मी स्वतःच्या हातून झालेल्या चुकीतून शिकले. नोकरीच्या पहिल्या वर्षांत मी सातपुड्याच्या पायथ्याच्या एका शाळेत होते. एका पावरा कुटुंबातील मुलाचे नाव वडिलांनी 'दित्या' सांगितले. तिकडे रविवारला दितवार म्हणतात आणि त्या दिवशी जन्मलेल्या मुलाचे असे नाव ठेवतात, हे मला माहीत नव्हते. मला वाटले, यांना 'आदित्य' म्हणायचे असेल. मी रजिस्टरात आदित्य लिहिले आणि इंग्रजीत तर दोन 'ए' लावून लिहिले. पुढे जातीच्या दाखल्याच्या वेळी घरच्या कागदांवर दित्या आणि शाळेच्या दाखल्यावर आदित्य, अशी दोन माणसे उभी राहिली. ते वडील मला एक शब्दही लागेल असे बोलले नाहीत, आणि ते मला आजही लागून राहिले आहे. त्या मुलाला घरीदारी जी हाक मारत होते, तीच मी कागदावर उतरवायला हवी होती.

तुमच्या घरात हाक काय आहे? सासूबाईंच्या तोंडी 'रुजू' आहे. "ये व माय, रुजू" असे त्या म्हणत असतील तर तुमचा निम्मा प्रश्न त्यांनी सोडवला आहे, कारण त्या रि म्हणत नाहीत, रु म्हणतात. 'आर'च्या पुढे 'यू' येणार, हे त्यांनीच ठरवून दिले.

यजमानांशी बोलताना अंकांविषयी एकच गोष्ट सांगायची झाली तर ही सांगा, आणि एकदाच सांगा. अंकशास्त्रात अक्षरांना अंक देण्याच्या दोन पद्धती सर्रास चालतात. एकीला खाल्डियन म्हणतात, दुसरीला पायथागोरियन. पहिल्या पद्धतीत 'आर'ला २ आणि 'एच'ला ५ मिळतात, दुसरीत 'आर'ला ९ आणि 'एच'ला ८. मी दोन्ही पद्धतींनी बेरीज करून पाहिली. सुरतेच्या गृहस्थांनी दिलेल्या नऊ अक्षरांची बेरीज पहिल्या पद्धतीने ३६, म्हणजे नऊ येते. दुसऱ्या पद्धतीने ती ३८ येते, म्हणजे अकरा, म्हणजे दोन. साध्या सहा अक्षरांची बेरीज एका पद्धतीने २०, तर दुसरीने १९. शिवाय आता दाखल्यावर नुसते मुलीचे नाव राहणार नाही. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बालकांसाठी महाराष्ट्र शासनाने बालकाचे नाव, मग आईचे नाव, मग वडिलांचे नाव आणि आडनाव असा क्रम ठरवला आहे. त्या लांब नावाची बेरीज आणखी निराळी येईल. हे ऐकून त्यांची श्रद्धा डळमळावी असा माझा हेतू नाही. जे साकडे त्यांनी मनोमन घातले आहे ते सरकारी रकान्यात नोंदवल्याने जास्त फळते असे नाही, एवढे त्यांच्या लक्षात आले तरी पुरे. ती नऊ अक्षरे त्यांना तिच्या चांदीच्या वाळ्यावर कोरून घेऊ द्या, पाळण्यावर लिहू द्या, वाढदिवसाच्या केकवर घालू द्या. त्याला तुम्ही मनापासून साथ द्या. तिथे ती अक्षरे फक्त बापाच्या मायेची खूण असतील आणि ती कोणाच्या कागदाशी जुळवून दाखवण्याची वेळ मुलीवर येणार नाही.

दाखल्याविषयी मी इतकी आग्रही का आहे, तेही सांगते. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम १९६९ चा आहे आणि त्यात २०२३ साली झालेली सुधारणा १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू आहे. त्या तारखेपासून जन्मलेल्या मुलांसाठी जन्मतारीख आणि जन्मस्थळ सिद्ध करायला जन्माचा दाखला हाच कागद धरला जातो. शाळाप्रवेश, वाहन परवाना, मतदार यादी, विवाह नोंदणी, सरकारी नोकरी, पासपोर्ट, सगळीकडे. आपल्या पिढीचे शाळेच्या दाखल्यावर भागले, तुमच्या मुलीचे तसे भागणार नाही. पहिल्या कागदावर जे अक्षर पडेल ते पुढच्या प्रत्येक कागदावर जाणार. याच कायद्याच्या कलम १५ मध्ये दुरुस्तीची सोय आहे, पण ती नोंदीत चूक झाली असेल तर. घरच्यांचे मत बदलले म्हणून ती वापरता येत नाही. मूळ नोंद तशीच ठेवून दुरुस्ती समासात लिहिली जाते. मोठेपणी नाव बदलायचे तर राजपत्रात प्रसिद्धी द्यावी लागते आणि मग प्रत्येक कार्यालयात त्या राजपत्राची प्रत घेऊन फिरावे लागते. आधार कार्डावर तर नावात बदल आयुष्यात दोनदाच करता येतो.

तुमच्या बाजूने एक चांगली गोष्ट आहे. नावाचा रकाना रिकामा असल्याने आज तुम्हाला काहीही दुरुस्त करायचे नाही, फक्त भरायचे आहे. नोंदणीच्या तारखेपासून १२ महिन्यांच्या आत नाव नोंदवले तर शुल्क लागत नाही. त्यानंतर १५ वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून नोंदवता येते. म्हणजे तुमच्या हाती अजून तीन-साडेतीन महिने आहेत. मात्र हे काम तुमच्या गावच्या ग्रामपंचायतीत होणार नाही. नोंद जन्म जिथे झाला तिथे असते, म्हणून तुम्हाला जळगाव महापालिकेच्या जन्म-मृत्यू नोंदणी विभागात जावे लागेल. दाखल्यावर नाव मराठीत आणि इंग्रजीत, असे दोन्ही लिपींत येते, तेव्हा दोन्ही रकाने तपासायचे आहेत. मराठीत 'रुजुता' नको, 'ऋजुता' हवे, हे सासऱ्यांना वेगळे सांगण्याची गरज नाही.

त्याआधी मात्र स्वतःचे एक काम उरकून घ्या, आणि ते मागे टाकू नका. मुलीच्या नावालगत आता तुमचे नाव येणार आहे. ते गुणपत्रिकेवर एक आणि आधारवर दुसरे असेल, तर तुमची अडचण वारशाने तिच्याकडे जाईल. दहावीची गुणपत्रिका आणि प्रमाणपत्र घेऊन आधार केंद्रावर जा आणि आधारवरचे नाव गुणपत्रिकेप्रमाणे करून घ्या. याआधी एकदा नाव बदलले असेल तर ही तुमची शेवटची संधी आहे, तेव्हा पावतीवरचे अक्षर न् अक्षर तिथेच खुर्चीवर बसून वाचा. मुलीचे बाल आधार काढताना आई किंवा वडिलांचे आधार लागते, म्हणूनही हे आधी व्हायला हवे.

एक छोटा प्रयोग घरातच करून पाहा, आणि तो यजमानांनाच करू द्या. त्यांनी त्यांच्या तीन ओळखीच्या माणसांना फोन करावा, एक पुण्याचा, एक सुरतेचा, एक गावातला, आणि "माझ्या मुलीचे नाव ऋजुता, ते इंग्रजीत लिहून पाठवा" एवढेच सांगावे. तिघांकडून जे येईल ते कागदावर एकाखाली एक लिहून त्यांच्या समोर ठेवावे. कोणी 'आर-आय' लिहील, बाकीचे बहुधा 'आर-यू' लिहितील, पण त्या नऊ अक्षरांपर्यंत कोणीही आपणहून पोहोचणार नाही. मुलगी मोठी झाली की प्रत्येक खिडकीपाशी, प्रत्येक फोनवर तिला हेच काम करावे लागणार आहे, हे तुम्ही सांगण्यापेक्षा त्या कागदावरून त्यांना जास्त पटेल.

महापालिकेत जाल तेव्हा मुलीला आणि यजमानांना दोघांनाही सोबत घेऊन जा. नाव कागदावर मोठ्या अक्षरांत, दोन्ही लिपींत, सुटे सुटे लिहून न्या. तोंडी सांगू नका. दाखला छापण्याआधी पडद्यावरचे नाव दाखवायची विनंती करा. गर्दी असली तरी भीड धरू नका. आणि पडद्यावरची ती सहा अक्षरे यजमानांनाच मोठ्याने वाचू द्या, मुलीला त्यांच्या कडेवर देऊन.